भाषा जगवण्याची पदवी मिळते का?

मागच्या अंकात या सदरात मी कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठाचा ओझरता उल्लेख केला होता. तिथे आदिवासी भाषांच्या पुनरुज्जीवनाचं रीतसर शिक्षण मिळतं, अगदी प्रमाणपत्रापासून एम.ए.पर्यंत, एवढंच वाक्य होतं. त्यावर आलेली पत्रं पाहून संपादकांनी या वेळची सगळी जागा त्यांनाच दिली. नव्या वाचकांसाठी सांगते: मी मूळची वाईची. भाषाशास्त्र पुण्याला डेक्कन कॉलेजात शिकले, लग्नानंतर व्हिक्टोरियात आले आणि इथल्या एका संग्रहात जुन्या ध्वनिफितींची सूची करते. फिती आदिवासी भाषांतल्या, सूची इंग्रजीत. तेव्हा खालची उत्तरं विद्यापीठाच्या वतीनं दिलेली नाहीत, शेजारणीनं दिलेली आहेत असं समजा.

"ताई, मी धारणी तालुक्यातली. घरी आजी-आजोबा कोरकू बोलतात, आई-बाबा आमच्याशी हिंदी-मराठी मिसळून. मला कळतं सगळं, पण बोलायला गेले की अडखळते. बी.ए. झालंय. कोरकूसाठी काही करायचं तर पुण्याला भाषाशास्त्र घ्यावं, की तुम्ही म्हणता तसलं परदेशातलं काही? आणि आपल्याकडे असं शिक्षण का नाही?"
(एक विद्यार्थिनी, जि. अमरावती)

तुझ्या प्रश्नात दोन वेगळी कामं एकत्र झाली आहेत, ती आधी सुटी करू. भाषाशास्त्र तुला कोरकू कशी चालते ते शिकवेल: ध्वनी कोणते, क्रियापदाला काय-काय जोडलं जातं, मुंडा कुळातल्या संथाळी-मुंडारीशी तिचं नातं कसं आहे. विद्या उत्तम आहे, माझं पोट तिच्यावरच चालतं. पण कोरकूवर प्रबंध लिहून डॉक्टर झालेला माणूस तुझ्या आजीला "जेवलीस का?" असं विचारू शकेलच, याची हमी ही विद्या देत नाही. तसा तिचा दावाही नाही. पुनरुज्जीवनाच्या अभ्यासाला पडलेला प्रश्न निराळा असतो. उद्या सकाळी धारणीच्या कुठल्या घरात, कोण, कोणाशी, कशाबद्दल कोरकूत बोलणार? आणि पुढच्या वर्षी त्यात आणखी कोण येणार?

व्हिक्टोरियाचा अभ्यासक्रम या प्रश्नातून निघाला. ब्रिटिश कोलंबिया या एका प्रांतात तिसाहून अधिक आदिवासी भाषा आहेत, कॅनडातल्या एकूण आदिवासी भाषांच्या निम्म्याहून जास्त. प्रांतातल्या फर्स्ट पीपल्स कल्चरल कौन्सिलनं २०१८ साली मोजदाद केली तेव्हा अस्खलित बोलणारे ४,१३२ भरले, तेही सगळ्या भाषा मिळून. बहुतेक म्हातारे. हे आपोआप झालेलं नाही. सरकारनं पैसा पुरवलेल्या आणि चर्चनं चालवलेल्या निवासी शाळांत देशभरातली सुमारे दीड लाख मुलं शंभराहून जास्त वर्षांच्या काळात नेली गेली, आणि तिथे आपली भाषा बोललं की शिक्षा व्हायची. ती मुलं मोठी झाली आणि त्यांतल्या कित्येकांनी आपल्या लेकरांशी इंग्रजीच धरली. मार खाल्लेल्या माणसाचा हा निर्णय मला तरी समजतो.

२००४ मध्ये विद्यापीठाच्या भाषाशास्त्र विभागानं पेंटिक्टनच्या एनाउकिन सेंटरच्या जोडीनं प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू केला. हे सेंटर तिथले आदिवासी स्वतः चालवतात, हे लक्षात घे. पुढे पदविका आली, मग बी.एड., मग एम.ए. आणि एम.एड. हे उभं करणाऱ्यांत लिल्वात समाजाच्या लोर्ना विल्यम्स आघाडीवर होत्या. एका पायरीचे क्रेडिट पुढच्या पायरीत धरले जातात. त्यामुळे मधेच घरी अडचण आली, शिक्षण थांबलं, तरी हातात काहीतरी राहतं आणि पुढे तिथूनच उचलता येतं. पदविका-बी.एड.चे वर्ग बरेचदा त्या-त्या समाजाच्या गावात भरतात, कारण म्हाताऱ्या बोलणाऱ्यांना आठवड्यातून दोनदा बोटीनं शहरात आणणं कुणाला परवडणार? प्राध्यापकच जातात. विद्यार्थी म्हणजे तुझ्या डोळ्यांसमोर येतात तसे विशीतले नसतात. बालवाडीत काम करणाऱ्या बायका असतात, मासेमारी सोडून आलेले पुरुष असतात, नातवंडं झाल्यावर शिकायला बसलेल्या आज्याही असतात.

शिकवतात काय? भाषा कोणत्या टप्प्यांनी आणि कोणाच्या निर्णयांनी मागे पडते, हे एक. गावातली खरी स्थिती मोजून पाच-दहा वर्षांची योजना कशी आखायची, हे दुसरं. इंग्रजीचा आधार न घेता शिकवायचं कसं, याचा भरपूर सराव. थोडं ध्वनिशास्त्र, थोडं व्याकरण, तेवढंच जेवढं जुन्या टिपणांतून धडा तयार करायला लागतं. प्रत्यक्ष काम तर हवंच. आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट म्हणजे बोलणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाच्या हाताखाली काढलेल्या तासांनाही क्रेडिट मिळतात.

हाताखाली राहून शिकण्याची ही उमेदवारीची पद्धत मुळात कॅलिफोर्नियातली. १९९२ मध्ये तिथल्या आदिवासींनी भाषा टिकवण्यासाठी संघटना काढली, आणि बर्कली विद्यापीठातल्या भाषाशास्त्रज्ञ लीअॅन हिंटन यांच्यासोबत ही रीत बसवली. एक बोलणारा, एक शिकणारा. वही-पुस्तक बाजूला. दोघांनी मिळून स्वयंपाक करायचा, कपडे धुवायचे, बाजारात जायचं, आणि या वेळात इंग्रजी बंद. कळलं नाही तर हातवारे करायचे, पण भाषांतर मागायचं नाही. ब्रिटिश कोलंबियात वर उल्लेखलेलं कौन्सिल अशा जोड्यांना वर्षाला ३०० तासांसाठी पैसे देतं, तीन वर्षांपर्यंत. पैसे आजीलाही मिळतात, हे आपल्याकडे कुणाला सुचत नाही.

आता तुझ्यापुरतं. तुला सगळं कळतं म्हणालीस. यासारखं भांडवल नाही. इथे व्हिक्टोरियात लोक ते मिळवायला वर्षं घालवतात. तेव्हा परदेशाचा विचार करण्याआधी आजीबरोबर उमेदवारी सुरू कर. दिवसातला एक तास ठरव, शक्यतो हाताला काम असेल असा. मोहाची भाजी असो, गोधडी असो, शेतात जाणं असो. त्या तासात हिंदी-मराठी बंद. पहिले काही आठवडे आजी हसेल, मग कंटाळून तुझ्याशी मराठीत बोलायला लागेल. आपल्या मोडक्यातोडक्या बोलण्याची दया येऊन मोठी माणसं भाषा बदलतात, हे जगभर होतं. तिला आधीच सांगून ठेव की मी चुकले तरी तू बदलायचं नाहीस. सोबत एखादी मैत्रीण किंवा चुलतभाऊ असेल तर उत्तम, म्हणजे तुम्ही दोघं आपसातही बोलाल. शिकणारे आपसात बोलायला लागले की मगच काहीतरी पुढे सरकतं.

त्यानंतर डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र जरूर घे. तिथल्या के. एस. नागराज यांनी कोरकूचं सविस्तर व्याकरण केलं आहे, निहाली भाषेवरही त्यांचं काम आहे. तू आजीकडून शिकून गेलीस तर ते व्याकरण तुला तपासता येईल. नुसतं वाचून गेलीस तर तुला फक्त पाठ करता येईल.

परदेश तिसरा. व्हिक्टोरियाशिवाय ओकानागनचं उदाहरण पाहा. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या तिथल्या शाखेनं सील्ख लोकांच्या न्सील्खचिन भाषेत अस्खलित होण्यासाठीच चार वर्षांची पदवी काढली. पहिली तुकडी २०२३ मध्ये बाहेर पडली. पुनरुज्जीवनाबद्दल व्याख्यानं ऐकण्यापेक्षा चार वर्षं भाषाच बोलणं हा मला जास्त पटणारा मार्ग वाटतो, पण ती पदवी त्या भाषेची आहे, तुझ्या कामाची नाही. तुझ्या कामाचं असेल ते हवाईतलं हिलो. तिथल्या विद्यापीठात हवाईयन भाषेचं स्वतंत्र महाविद्यालय आहे आणि हवाईयन व इतर आदिवासी भाषांच्या पुनरुज्जीवनात पीएच.डी.ही होते.

हिलोबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हवाईत १८९६च्या कायद्यानं शाळांतून हवाईयन माध्यम हद्दपार झालं. १९८०च्या सुमाराला अठरा वर्षांखालची बोलणारी मुलं पन्नासही नव्हती. १९८३ मध्ये काही शिक्षक-पालकांनी पूनाना लेओ ही संस्था काढली आणि पुढच्या वर्षी कौआई बेटावर पहिली बालवाडी भरवली, दिवसभर फक्त हवाईयन. तोवर जुना कायदा शिल्लकच होता. बालवाडीतली मुलं मोठी होत होती, तेव्हा पालकांनी विधिमंडळाचा पिच्छा पुरवून १९८६ मध्ये तो बदलून घेतला. मग सरकारी शाळांत वर्ग आले, मग त्या शाळांना शिक्षक हवे झाले, आणि १९९७ मध्ये विद्यापीठात महाविद्यालय उघडलं. बालवाडी आधी, विद्यापीठ शेवटी. आपण नेहमी वरून खाली जाण्याचा विचार करतो: आधी अध्यासन, मग समिती, मग अहवाल. तिथे बाळांनी विद्यापीठाला ओढून आणलं.

शिष्यवृत्तीसाठी केंद्राच्या आदिवासी व्यवहार मंत्रालयाची परदेशी शिक्षणाची योजना आहे, राज्याच्या आदिवासी विकास विभागाचीही आहे. विषयांची यादी आणि उत्पन्नाची अट अर्ज भरण्याआधी वाच. आपल्याकडे अर्ज अडतो तो तिथेच.

"आपल्याकडे का नाही?" अगदीच नाही असं नाही. म्हैसूरची केंद्रीय भारतीय भाषा संस्था १९६९ पासून आहे. २०१३ मध्ये तिथूनच लुप्तप्राय भाषांची योजना सुरू झाली, पण दहा हजारांहून कमी बोलणारे असलेल्या भाषांसाठी. २०११च्या जनगणनेत कोरकूचे ७ लाख २७ हजार आहेत, म्हणजे तू मोजपट्टीबाहेर. गुजरातेत तेजगढला गणेश देवींनी सुरू केलेली आदिवासी अकादमी आहे. पण आपल्याकडचा बहुतेक पैसा नोंद करण्यावर जातो: शब्दकोश, व्याकरण, ध्वनिमुद्रण. बोलणारं माणूस तयार करण्यावर फार थोडा. विचारायचं असेल तर सरकारला हे विचार.

"मॅडम, मी गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात शिक्षक आहे. गोंडीला मसराम लिपी आहे, गुंजाला लिपी आहे, आम्ही देवनागरीत लिहितो, तेलंगणातले तेलुगूत. कार्यकर्त्यांच्या बैठका लिपीच्या वादावरच संपतात. आधी लिपी ठरली पाहिजे की नाही?"
(एक शिक्षक, जि. गडचिरोली)

सर, नाही.

एवढं तुटक उत्तर दिलं तर तुम्ही पुढचं पत्र पाठवणार नाही, म्हणून सांगते. मी राहते त्या द्वीपकल्पावर वसेनिच लोकांची सेंचोथेन भाषा आहे. तिची लिपी डेव्ह एलियट नावाच्या, त्सार्टलिप वस्तीतल्या माणसानं बनवली. ते आधी मासेमारी करायचे, नंतर तिथल्या शाळेत देखभालीचं काम. भाषा जाताना दिसत होती आणि लिहून ठेवायची सोय नव्हती. भाषाशास्त्रज्ञांची लिहिण्याची पद्धत होती, पण ती शिकायलाच एक पदवी लागते. त्यांनी वापरलेला टंकलेखनयंत्र घेतला, इंग्रजीची मोठी अक्षरं धरली, कुठे आडवी रेघ मारली, कुठे टिंब दिलं, आणि १९७८ मध्ये वर्णमाला पुरी केली. ती आजही जवळजवळ सगळी मोठ्या अक्षरांतच लिहितात. १९८४ मध्ये वसेनिच शाळा मंडळानं ती स्वीकारली. कुठल्या विद्यापीठानं नव्हे, शाळा मंडळानं. भाषाशास्त्राच्या दृष्टीनं तिच्यात खोड काढता येते. पण मुलं तिच्यात लिहितात, रस्त्यावर पाट्या तिच्यात आहेत, आणि ती आपल्यातल्याच एका माणसानं केली हा अभिमान त्या मुलांना आहे. मला विचाराल तर लिपीची सगळ्यात मोठी परीक्षा तीच.

लिपी असून काय होतं याचं उत्तर पुन्हा हवाईत मिळतं. तिथे १८२०च्या दशकात छपाई सुरू झाली आणि थोड्याच काळात जवळजवळ सगळा समाज साक्षर झाला. १८३४ ते १९४८ या काळात हवाईयनमध्ये शंभराच्या आसपास वर्तमानपत्रं निघाली. एवढं छापील धन असूनही शाळेचं माध्यम बदलल्यावर दोन-तीन पिढ्यांत मुलं गप्प झाली. आज तीच वर्तमानपत्रं विद्यार्थ्यांना खजिन्यासारखी उपयोगी पडतात, पण भाषा वाचली ती बालवाडीमुळे.

गोंडीच्या तर दोन्ही लिप्या युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत गेल्या: मसराम लिपी २०१७ साली, गुंजाला २०१८ साली. त्या संगणकावरून कुणी पुसू शकणार नाही. मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये केलेल्या कामाचा मान राखा, मुलांना त्यांचं नाव आणि गाव सांगा, वर्गाच्या दारावर पाटी मसराममध्ये लावा. उद्याचा धडा मात्र तुमच्या पोरांना ज्या अक्षरांत वाचता येतो त्यांत लिहा. तुमच्याच तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. सुटीत तिथे जाऊन या, बैठकीपेक्षा जास्त हाती लागेल.

"शेवटचा बोलणारा वारला तरी भाषा परत आणता येते असं ऐकलं. हे खरं की भाबडेपणा? आणि त्यात विद्यापीठ काय करणार?"
(एक सेवानिवृत्त प्राध्यापक, नागपूर)

खरं आहे, पण "परत आणणं" याचा अर्थ सांभाळून घ्यावा लागतो. पूर्वी होती तशीच्या तशी भाषा येत नाही. लोक ती पुन्हा वापरायला लागतात, एवढं होतं. आणि ते थोडं नाही.

तुमच्यासारख्या विद्यापीठातल्या माणसाला मायामी लोकांची हकीकत आवडेल. ओहायो-इंडियाना भागातले हे आदिवासी १८४६ मध्ये सक्तीनं हलवले गेले, आधी कॅन्सासला, मग ओक्लाहोमात. त्यांच्या जुन्या भूमीवर १८०९ मध्ये स्थापन झालेलं विद्यापीठ मात्र त्यांचंच नाव लावून बसलं: मायामी युनिव्हर्सिटी. (फ्लोरिडातल्या मायामीशी याचा संबंध नाही, आमच्या नातेवाइकांना दर वेळी सांगावं लागतं.) भाषा विसाव्या शतकाच्या मध्यानंतर गप्प झाली. शिल्लक काय होतं? सतराव्या-अठराव्या शतकांतल्या जेझुइट पाद्र्यांचे हस्तलिखित कोश आणि एकोणिसाव्या शतकाअखेरची काही टिपणं. डेव्हिड कोस्टा यांनी बर्कलीत १९९४ मध्ये त्यांवरून भाषेची रचना उलगडून दाखवली. त्याच काळात डॅरिल बाल्डविन या मायामी गृहस्थांनी संसार-मुलंबाळं सांभाळून मोन्टाना विद्यापीठातून भाषाशास्त्रात एम.ए. केलं, कारण ते प्रबंध वाचायचे तर ती परिभाषा यायला हवी होती. घरी मुलांना ते भाषा शिकवत गेले, स्वतः शिकता शिकता.

२००१ मध्ये मायामी युनिव्हर्सिटीत त्यांच्या नेतृत्वाखाली प्रकल्प सुरू झाला. आता तिथे मायामिया सेंटर आहे. संशोधन विद्यापीठात होतं, पण कशावर करायचं आणि कोणाला वापरायला द्यायचं ते जमात ठरवते. जमातीच्या मुलांना तिथे शिकायला शिष्यवृत्ती आहे आणि इतर कुठल्याही विषयाबरोबर त्यांना आपल्या भाषा-संस्कृतीचे वर्ग करावे लागतात. कुणी लेखापाल व्हायला येतो आणि सोबत पणजीची भाषा घेऊन जातो. बाल्डविन यांना २०१६ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप हा अमेरिकेतला मोठा सन्मान मिळाला.

दुसरं उदाहरण मॅसॅच्युसेट्समधल्या वाम्पानोआग लोकांचं. त्यांच्या भाषेत १६६३ मध्ये छापलेलं अख्खं बायबल होतं, शिवाय त्यांनी स्वतः लिहिलेली खरेदीखतं आणि मृत्युपत्रं. धर्म बदलायला छापलेल्या पुस्तकातून तीनशे वर्षांनी भाषा उभी राहिली. जेसी लिटल डो बेअर्ड यांनी एम.आय.टी.त केन हेल यांच्याकडे शिकून २००० साली पदवी घेतली आणि शब्दकोश रचायला घेतला. त्यांची मुलगी शतकभराहून जास्त काळानंतर त्या भाषेत लहानाची मोठी झालेली पहिली व्यक्ती.

तेव्हा विद्यापीठ काय करू शकतं? कागद उघडून देऊ शकतं, तो वाचायची विद्या देऊ शकतं, आणि मग बाजूला होऊ शकतं. शेवटचं सगळ्यांना जमत नाही. माझ्या कामात मला असे खोके हाताळावे लागतात ज्यांवर ध्वनिमुद्रण करणाऱ्या संशोधकाचं नाव ठळक असतं आणि बोलणाऱ्या बाईच्या नावाच्या जागी एक आकडा. तिची नात येऊन विचारते, "आमच्या आजीची फीत आहे का?" मी आकडे शोधत बसते. डेक्कन कॉलेज असो की म्हैसूर, आपल्याकडच्या फितींवर बोलणाऱ्यांची नावं आणि गावं लिहिली आहेत की नाहीत, हे तुमच्यासारख्या कुणी जाऊन पाहिलं तर फार मोठं काम होईल. निवृत्तीनंतर वेळ असतो म्हणतात.

"आमची मुलगी व्हिक्टोरिया विद्यापीठात भाषाशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला आता हे पुनरुज्जीवन करायचंय. आम्ही नाशिकचे, तिचा या लोकांशी काय संबंध? आणि नोकरीचं काय? फी डॉलरमध्ये भरतोय."
(एक पालक, सरे, कॅनडा)

नोकरीची काळजी तुम्हाला वाटते तितकी नाही. निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या कॅनडाच्या सत्य आणि सलोखा आयोगानं २०१५ मध्ये ज्या ९४ मागण्या केल्या त्यांतली सोळावी थेट विद्यापीठांना उद्देशून आहे: आदिवासी भाषांच्या पदव्या आणि पदविका काढा. २०१९ मध्ये संसदेनं आदिवासी भाषांचा कायदा केला. शाळांना भाषा-शिक्षक हवेत, जमातींच्या कचेऱ्यांत भाषा विभाग आहेत, जुनी ध्वनिमुद्रणं मार्गी लावायला माणसं लागतात.

पण त्या जागा आधी त्या-त्या समाजाच्या मुलांना मिळाव्यात, आणि मला ते रास्त वाटतं. पुनरुज्जीवनाचे हे अभ्यासक्रम त्यांच्यासाठी उभे राहिले. तुमच्या लेकीनं भाषाशास्त्राची पदवी सोडू नये. तिच्या जोडीला ध्वनिमुद्रण, संग्रह-व्यवस्था किंवा संगणकाचं काम शिकावं. कुठलीही जमात अशा हातांना नको म्हणत नाही. शिकते आहे ते विद्यापीठ लेक्वंगन आणि वसेनिच लोकांच्या भूमीवर आहे, तर त्यांतल्या एखाद्या भाषेचा बाहेरच्यांसाठी खुला असलेला वर्ग करावा. आणि कुणी मदत मागितली तरच पुढे व्हावं. आपल्या मुलांना पहिल्या रांगेत बसायची सवय असते, इथे मागे बसून टंकलेखन करून द्यावं लागतं. ते तिला दोन वर्षं आवडलं तर ती या कामाची आहे, नाही आवडलं तर पदवी वाया गेलेली नाही.

जाता जाता एक. ती मराठी बोलते का? पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत.

"परदेशातल्या पाचपन्नास माणसांच्या भाषांचं कौतुक पुरे. मराठीचंच पुनरुज्जीवन करायची वेळ आली आहे, त्यावर लिहा."
(एक वाचक, पुणे)

मराठी मातृभाषा सांगणारे २०११ साली ८ कोटी ३० लाखांवर होते. २०२४ मध्ये तिला अभिजात दर्जा मिळाला, आणि अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला तिचं स्वतःचं विद्यापीठ आहे. मराठी शाळा ओस पडताहेत हे दुःख मलाही आहे, त्यावर भांडायलाच हवं. पण त्याच अमरावती जिल्ह्यात धारणीची पोर लिहिते की घरी आई-बाबा कोरकू बोलत नाहीत, हिंदी-मराठी बोलतात. तिच्या गावात इंग्रजीच्या जागी कोण उभं आहे ते तुम्हीच पाहा. रिद्धपूरच्या विद्यापीठात कोरकूचाही वर्ग असावा असं पत्र तुम्ही लिहिलंत तर त्यावर दुसरी सही माझी.

"मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. अशा भाषांसाठी अॅप किंवा एआय वापरून काम सोपं करता येईल का? कुठून सुरुवात करावी?"
(एक वाचक, हिंजवडी)

सुरुवात विचारण्यापासून. इथे २००३ मध्ये डेव्ह एलियट यांचे चिरंजीव जॉन आणि शिक्षक पीटर ब्रँड यांनी फर्स्टव्हॉइसेस ही इंटरनेटवरची सोय उभी केली. जमात आपले शब्द, आवाज, गोष्टी त्यात चढवते, आणि काय जगाला दिसेल व काय फक्त घरच्यांना, ते जमातच ठरवते. कारण काही गाणी एका घराण्याचीच असतात, काही गोष्टी हिवाळ्यातच सांगायच्या असतात.

न्यूझीलंडच्या उत्तर टोकाला 'ते हिकू मीडिया' नावाचं माओरी आकाशवाणी केंद्र आहे. त्यांनी २०१८ मध्ये लोकांना आवाहन केलं आणि दहा दिवसांत माओरी वाचनाचं ३०० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण गोळा झालं. त्यावर त्यांनी बोललेलं ओळखणारी यंत्रणा स्वतः बनवली. बाहेरच्या कंपन्यांनी ही विदा (डेटा) मागितली तेव्हा दिली नाही: एकदा आमची जमीन घेतलीत, आता आमचा आवाज आम्हालाच विकणार का, असा त्यांचा रोख होता. तेव्हा अॅप जरूर करा, पण सर्व्हर कोणाचा, किल्ली कोणाकडे, हे कोड लिहिण्याआधी कागदावर येऊ द्या. आणि अॅपमुळे बोलायला सोबत मिळत नाही. आठवड्यातून एकदा चार जण जमतील अशी सोय तुमच्या अॅपनं करून दिली तर मी ते पहिल्या दिवशी उतरवून घेईन.

"माझी आजी कातकरी बोली बोलते. मोबाईलवर तिचं बोलणं घ्यायचं आहे. नेमकं कसं घेऊ?"
(एक वाचक, कर्जत)

फोन विमान मोडवर टाका, पंखा बंद करा, कोंबड्या लांब हाकला. शक्य असेल तर डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणाऱ्या फाईलच्या) प्रकारात घ्या, नाहीतर जे मिळेल ते. सुरुवातीलाच आवाजात तारीख, गाव, तिचं पूर्ण नाव आणि तुमचं नातं बोला, म्हणजे फाईल कुठेही गेली तरी ओळख सोबत राहील. "काहीतरी बोल" असं म्हणू नका, कुणीच बोलत नाही. काम करताना घ्या: मासे साफ करताना, भात कांडताना. भट्टीवरचे दिवस, लग्नातलं भांडण असलं काही विचारा. तिच्या जोडीची दुसरी म्हातारी बसवली तर दोघी तुम्हाला विसरून बोलतील, आणि ते सगळ्यात चांगलं ध्वनिमुद्रण. प्रश्न कातकरीतच विचारा, मोडके असले तरी चालतील.

त्याच दिवशी दोन प्रती करा, एक घराबाहेर ठेवा. ऐकवू कुणाला, हे तिलाच विचारा आणि तिचं उत्तर त्याच ध्वनिमुद्रणात घ्या. मग आठवड्याभरात तिच्या शेजारी बसून ते पुन्हा ऐका आणि न कळलेलं थांबवून विचारा. नुसत्या साठवलेल्या फायलींचं काय होतं ते मी रोज कामावर बघते.